सातव्या ग्रीनवरची वाटी

मुकादमांचा दिवस पुटपुटण्यानं सुरू व्हायचा आणि त्यातली पहिली शिवी ठरलेली असायची, सातव्या ग्रीनला.

सत्तावीस वर्षं हा नेम. सकाळी साडेपाचला खांद्यावर कटर, हातात बादली, बादलीत स्पंज आणि तोंडानं बडबड. मुकादम म्हणजे त्या जुन्या गोल्फ क्लबाच्या मैदानाचे कर्तेधर्ते. हाताखाली अकरा माणसं, देखरेखीला अठरा ग्रीन आणि डोक्याला ताप म्हणून एक मेहुणा. ग्रीन म्हणजे जिथं झेंडा उभा असतो ती बारीक कापलेली हिरवळ. अठरापैकी सतरा ग्रीन शहाण्या होत्या. कितीही पाणी पडलं तरी तासाभरात कोरड्या. सातवीवर मात्र डाव्या अंगाला एक खळगा होता, चार माणसं मांडी घालून बसतील एवढा आणि मधोमध वीतभर खोल. मेंबर त्याला 'वाटी' म्हणायचे. पाणी वाटीत साचायचं आणि जिरायचं नाव घ्यायचं नाही. मग मुकादमांनी गुडघे टेकून ते स्पंजनं टिपायचं आणि बादलीत पिळायचं. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी.

मेंबर मंडळींना वाटीचं कोण कौतुक. बॉल काठावरून आत घरंगळला की तो बाहेर काढताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे. मग तासभर लाउंजमध्ये बसून तेच चघळायचं. एका निवृत्त न्यायाधीशांनी तर क्लबाच्या मासिकात वाटीवर दोन पानी लेख लिहिला होता. मुकादमांनी तो वाचला नाही. ज्याला रोज पाणी उपसायचंय त्याला लेख कुठले सुचतात.

अशात क्लबाला शंभर वर्षं भरायची वेळ आली आणि कमिटीच्या अंगात आलं.

क्लब जुना, त्यामुळे रीतीभाती पुष्कळ. लाउंजमध्ये टोपी घालून जायचं नाही. नवा कॅप्टन झाला की वर्षाचा पहिला बॉल त्यानं मारायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, बॉल झुडपात गेला तरी वाजवायच्या. भिंतीवर लाकडी फळ्या, त्यांवर जिंकणाऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत. मैदानावर राबणाऱ्यांनी मागच्या दारानं यायचं, हीसुद्धा रीतच. या सगळ्यांत मुकादमांना मनापासून पटणारी रीत एकच. ग्रीनवर रोज नवं होल पाडतात, म्हणजे एकाच जागचं गवत तुडवलं जात नाही. ते होल कुठं पाडायचं हे फक्त मुकादमांनी ठरवायचं. कटर म्हणजे दोन मुठींचं एक पोलादी नळकांडं. ते दाबून फिरवलं की मातीचा गोल ठोकळा गवतासकट वर येतो, खाली होल तयार. आणि एकदा कटर जमिनीला टेकला की खुद्द कॅप्टननंही तोंड उघडायचं नाही. हा नियम शंभर वर्षांपूर्वीच्या पहिल्या नियमपुस्तकात छापलेला होता आणि त्या पुस्तकातलं तेवढं एकच पान मुकादमांना पाठ होतं.

तर कमिटीनं ठरवलं की शताब्दीला मैदान 'मूळ रूपात' आणायचं. त्यासाठी तज्ज्ञ बोलावले. जुनी मैदानं वाचणं हाच यांचा धंदा. चाळिशीचे, पायात मऊ बूट, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. मैदानावरच्या माणसांनी पहिल्याच दिवशी त्यांना भिंगवाले करून टाकलं.

भिंगवाल्यांनी आठ दिवस लाउंजमध्ये कागद उलगडले. मैदान आखणारे साहेब शंभर वर्षांपूर्वी बाहेरगावाहून आले, नऊ दिवस चालले, पांढऱ्या खुंट्या ठोकल्या आणि निघून गेले. पुढचं काम माणसांनी आणि घोड्यांनी केलं. त्यांचा फोटो लाउंजमध्ये होता, शेजारी कुत्रा बसलेला. नकाशा होता, पण त्यात ग्रीनच्या जागी नुसती वर्तुळं. सोबत एक पत्र सापडलं आणि त्यातल्या एका ओळीनं सगळा घोळ घातला. साहेबांनी लिहिलं होतं, जमिनीनं जे आयतं दिलं, ते काही ग्रीनवर मी तसंच राखलं आहे.

नवव्या दिवशी भिंगवाले क्लबाच्या सेक्रेटरीबाईंना घेऊन सातवीवर आले. वाटीपाशी गुडघ्यांवर बसले. काठावरून तळापर्यंत हात फिरवला.

"मॅडम, याला म्हणतात हात," ते म्हणाले. "मशीननं अशी कड येत नाही. आखणाऱ्या साहेबांनी जमिनीत ही वाटी पाहिली, फक्त कड हातानं बसवली आणि बाकी जशी होती तशी ठेवली."

"म्हणजे शंभर वर्षांची," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"खेळात शंभर. जमिनीत हजार म्हणा."

हजार कसले, कपाळ. वाटीचं वय सत्तावीस होतं आणि तिचा बाप बादली घेऊन तिथंच मागे उभा होता.

ती भानगड अशी. तेव्हा हे मुकादम नव्हते. मुकादम होते थोरले. चाळीस वर्षं त्या मैदानावर काढलेला माणूस, बोलणं मोजकं, नजर करडी. हे त्यांचे मदतनीस, म्हणून थोरले यांना 'धाकट्या' म्हणायचे. थोरले पोरीच्या लग्नासाठी पंधरा दिवस रजेवर गेले. जाताना एकच सांगून गेले, ग्रीनवर चाक चढवायचं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी धाकट्यानं रेतीनं भरलेला ट्रेलर सातवीवरून घातला. का, तर वळसा घालायचा कंटाळा. मागे पाइपलाइन बघणारा मेहुणा उभा राहून हात हलवतोय, "जातंय दाजी, जातंय." गेलं. चाक कमरेएवढं आत गेलं, खालचा पाइप फुटला आणि पाणी झेंड्याच्या वर उडालं.

दोघांनी दोन दिवस मरमर मरून ते झाकलं. पाइप जोडला, खड्ड्यात विटांचे तुकडे टाकले. मेहुण्याला तेवढ्यात अक्कल सुचली, म्हणाला, माती विटांत उतरू नये म्हणून खताची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी अंथरू. अंथरली. वर माती, त्यावर गवत. चार दिवस छान दिसलं. मग बसायला लागलं. पाणी का जिरत नाही हे मुकादमांना पहिल्या पावसापासून ठाऊक होतं, पण पिशवी काढायची तर खोदावं लागणार, आणि खोदायचं तर सांगावं लागणार.

थोरले परत आले. खळग्यापाशी बराच वेळ उभे राहिले. दोघांकडे एकेकदा पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेले. दरवर्षी सगळ्या ग्रीनवर रेतीचा एक थर पसरतात. त्या वर्षी थोरले म्हणाले, "सातवीच्या खळग्यात रेती टाकायची नाही. एक दाणा नाही. आणि पाणी धाकट्यानं टिपायचं." बस. ना ओरडले, ना विचारलं. पुढे सहा वर्षांनी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी तोच हुकूम. यापेक्षा चार शिव्या दिलेल्या बऱ्या असत्या. रोज गुडघ्यांवर बसवून आपलीच चूक आपल्याकडून पुसून घ्यायची, ही कुठली तऱ्हा शिक्षेची? थोरले गेल्यावर मुकादमकी यांच्याकडे आली, पण वाटीत रेती टाकायची यांचीही छाती झाली नाही. पाचेक वर्षांपूर्वी थोरल्यांचा निरोप आला होता, 'एकदा येऊन जा, सातवीबद्दल बोलायचंय.' हे गेले नाहीत. राहिलेल्या शिव्या खायला तिकीट काढून कोण जाणार?

आता हे सगळं पोटात ठेवूनही मुकादम गप्प राहिले असते. वाटीला हजार वर्षांची म्हणा, लाख वर्षांची म्हणा, त्यांचं काय जातंय. पण भिंगवाल्यांनी पुढचा प्रश्न काढला. पत्रात लिहिलंय 'काही ग्रीन'. मग सातवी सोडून बाकीच्या वाट्या गेल्या कुठं? उत्तरही त्यांनीच दिलं. बुजल्या. मुकादम लोकांनी वर्षानुवर्षं रेती टाकून टाकून बुजवल्या.

"तुमचा दोष नाही," भिंगवाले मुकादमांना समजुतीच्या सुरात म्हणाले. "कळत नसेल तेव्हा कुणाला."

मग यादी निघाली. तिसरी, पाचवी, अकरावी, चौदावी, सोळावी. या पाच ग्रीन खोदायच्या आणि प्रत्येकीत सातवीसारखी वाटी कोरायची. मशीन सोमवारी येणार.

चौदावी ऐकून मुकादमांच्या तोंडचं पाणी पळालं. चौदावीवर उतार असा होता की बॉल कुठं जातोय हे शेवटच्या हातभर अंतरापर्यंत कळायचं नाही. ती खरोखर शंभर वर्षांची होती, घोड्यांनी ओढलेल्या मातीची. थोरल्यांनी जाताना चौदावीपाशी उभं राहून सांगितलं होतं, "हिला काही करायचं नाही, फक्त कापत राहायचं." एकवीस वर्षांत मुकादमांनी तिच्यावर तळहाताएवढंही टक्कल पडू दिलं नव्हतं. खोदलेली ग्रीन पुन्हा खेळण्याजोगी व्हायला दीड वर्ष लागतं. मुकादमांच्या निवृत्तीला दहा महिने उरले होते. म्हणजे जन्मभर राखलेलं मैदान सोडताना मागे पाच उकिरडे ठेवून जायचं, आणि तेही कशाची नक्कल म्हणून, तर स्वतःच्या गाढवपणाची.

घरी येऊन त्यांनी बूट भिरकावले. बायको भाजी निवडत होती.

"मॅडमना सांगून टाका ना सगळं," ती म्हणाली.

"सांगतो. तुझ्या भावाचं नाव घेऊ की नको?"

"त्यानं काय केलं? ट्रेलर तुम्हीच चालवत होतात."

"आणि 'जातंय दाजी' कोण म्हणत होतं?"

"तो म्हणाला म्हणून तुम्ही विहिरीत घातला असता का?"

सत्तावीस वर्षं हे भांडण याच वाक्यावर येऊन थांबायचं. आजही थांबलं.

दुसऱ्या दिवशी मुकादम धुतलेला शर्ट घालून ऑफिसात गेले. सेक्रेटरीबाईंनी चक्क खुर्ची दिली. मुकादमांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, ट्रेलर, पाइप, विटा, पिशवी. काही लपवलं नाही. नोकरी गेली तर गेली, एवढी तयारी करून आले होते. सेक्रेटरीबाईंनी ऐकून घेतलं आणि हसल्या.

"मुकादम, मी समजू शकते. शताब्दीच्या वर्षी प्रत्येकालाच वाटतं, आपलाही काही वाटा असावा. परवा आपले आचारी सांगत होते, लाउंजची खिडकी त्यांच्या आजोबांनी बसवली."

"मॅडम, मी वाटा मागत नाही. मी वाट लावली, ते सांगतोय."

"हा तुमचा मोठेपणा."

मुकादमांनी कपाळावर हात मारून घेतला. चूक कबूल करायला सत्तावीस वर्षं धीर गोळा केला आणि समोरच्या बाई त्याचं कौतुक करताहेत.

"पंपवाल्याला विचारा," ते म्हणाले. "तो होता माझ्याबरोबर."

पंपवाला म्हणजे तोच मेहुणा. आता पंपाची खोली त्याच्याकडे होती. तो आला, टोपी हातात धरून उभा राहिला, छताकडं पाहिलं, जमिनीकडं पाहिलं.

"पाइप? सातवीचा? मला तर काही आठवत नाही, मॅडम."

बाहेर आल्यावर मुकादम त्याच्याकडं बघतच राहिले.

"दाजी, रागावू नका," मेहुणा म्हणाला. "माझी अजून दोन वर्षं राहिलीत. तुमचे दहाच महिने."

"तुला दुपारी काय जेवलास ते आठवतं का?"

"आठवतं."

"मग ते तरी विसर." आणि मुकादम ताडताड निघून गेले.

चार दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. चौदावी मात्र रोज दोनदा कापली, गरज नसताना. आपण हिला शेवटचं बघतोय हा विचार मनातून जाईना, आणि त्यांना तो सहनही होईना. रविवारी संध्याकाळी खोदायचं मशीन आलं. ते चौदावीच्या कडेला उभं राहिलं, दात जमिनीला लावून.

सोमवारी सकाळी सात वाजता भिंगवाले आणि सेक्रेटरीबाई मैदानावर आले. मुकादम वाटेतच उभे होते, खांद्यावर कटर.

"खोदायच्या आधी एकदा सातवीवर चला," ते म्हणाले. "आजचं होल दाखवायचंय."

भिंगवाल्यांना यात वावगं वाटायचं कारण नव्हतं. सगळे सातवीवर गेले. पंपवालाही लांबून मागोमाग आला. मुकादम झेंड्यापाशी थांबले नाहीत. सरळ वाटीत उतरले.

"अहो मुकादम, तिथं नका," भिंगवाले म्हणाले. "वाटीत होल पाडत नाहीत कुणी."

मुकादमांनी कटर वाटीच्या मधोमध टेकवला आणि सेक्रेटरीबाईंकडं पाहिलं. बाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. पहिलं नियमपुस्तक शताब्दीसाठी पुन्हा छापून घेतलं होतं ते त्यांनीच, आणि त्याची मुद्रितंही त्यांनीच तपासली होती. त्यांनी भिंगवाल्यांच्या दंडाला हात लावून त्यांना गप्प केलं.

मुकादमांनी दोन्ही मुठींवर भार देऊन कटर फिरवला. चार बोटं खाली गेल्यावर करकर आवाज आला. आणखी जोर लावला. मग कटर वर ओढला आणि ठोकळा ढकलून गवतावर काढला.

वर गवत, खाली काळी माती आणि मातीच्या बुडाला निळं प्लॅस्टिक. त्यावर खताच्या कारखान्याचं अर्धं सूर्यफूल, रंग अजून उडाला नव्हता. खालच्या होलात विटेचा लाल तुकडा दिसत होता. वाटीत उरलेलं पाणी बघता बघता त्या होलात उतरलं, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

भिंगवाल्यांनी भिंग डोळ्याला लावलं. भिंगाची काही गरज नव्हती.

"हजार वर्षांपूर्वी खताच्या पिशव्या मिळत नव्हत्या, साहेब," मुकादम म्हणाले.

मग मागून पंपवाल्याचा आवाज आला. "पिशवीची कल्पना माझी होती, मॅडम."

"आता आठवलं होय," मुकादम म्हणाले.

भिंगवाल्यांचे कान लाल झाले होते. दुसरा एखादा असता तर पिशवी कुणी मुद्दाम पुरली म्हणाला असता. हे तसे निघाले नाहीत. ठोकळा हातात घेऊन त्यांनी बराच वेळ उलटसुलट केला आणि म्हणाले, "मुकादम, एक होल कडेला पाडाल? वाटीच्या काठावर?"

मुकादमांनी पाडलं. भिंगवाल्यांनी दोन्ही ठोकळे शेजारी शेजारी ठेवले. काठाच्या मातीत रेतीचे पट्टे होते, एकावर एक. भरावाच्या मातीच्या वरचे त्यांनी काडीनं मोजले. सत्तावीस. वाटीच्या ठोकळ्यात एकही नव्हता.

"वाटीत रेती का टाकली नाहीत?"

"थोरल्यांचा हुकूम होता. आमच्या आधीच्या मुकादमांचा. शिक्षा म्हणून."

"कसली शिक्षा?"

"माझी. वाकडं केलंस तर रोज बघ, म्हणून."

"आणि काठावर कोण टाकायचं?"

"ते स्वतः. निवृत्त होईपर्यंत, सहा वर्षं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. रेती चाळून, गुडघ्यांवर बसून, मुठीमुठीनं टाकायचे. तासन्‌तास."

भिंगवाल्यांनी मुकादमांकडं नीट पाहिलं. "तुमची चूक त्यांना झाकायची असती तर तीन वर्षं रेती टाकून खळगा भरला असता. नुसती शिक्षा द्यायची असती तर तसाच वेडावाकडा पडू दिला असता. हा माणूस सहा वर्षं गुडघ्यांवर बसून कड घडवत होता. शिक्षा देण्यासाठी स्वतःचे गुडघे कोण झिजवतं?"

ते दृश्य मुकादमांनी सहा वर्षं पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे समोर उभं राहून, हातात बादली घेऊन, मनातल्या मनात म्हाताऱ्याला शिव्या घालत.

"हात होता म्हटलं ते बरोबरच होतं," भिंगवाले उठत म्हणाले. "माणूस चुकला माझा. मॅडम, ते मशीन परत पाठवा. पाच ग्रीनना हात लावायचा नाही."

"आणि सातवीचं काय? ही तर अपघाताची निघाली. सपाट करून टाकू," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"अजिबात नाही. फक्त ती पिशवी काढा." मग ते मुकादमांकडं वळले. "हे थोरले असतात कुठं?"

दोन तासांवर असतात, मुकादम म्हणाले. पोरीकडे. दोन तास. वाटीतलं पाणी उपसण्यात याहून जास्त वेळ गेला होता, नुसत्या एका आठवड्यात.

रविवारी मुकादम बसनं गेले. काठाचा ठोकळा ओल्या गोणपाटात गुंडाळून डब्यात घातला होता. कंडक्टरनं डब्यात काय म्हणून विचारलं, तर माती म्हणाले. थोरल्यांच्या पोरीचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिनंच दार उघडलं, हिच्याच लग्नाच्या रजेत सगळा घोळ झाला होता. आता तिचेही केस पिकलेले.

थोरले गॅलरीतल्या खुर्चीत होते. वय एक्क्याऐंशी. डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं.

"कोण?"

"मी. धाकटा."

"बस." जसं काही कालच भेटले होते.

मुकादमांनी सगळं सांगितलं. ट्रेलरपासून सूर्यफुलापर्यंत. थोरले ऐकत होते, मान हलत नव्हती.

"पिशवी," सगळं संपल्यावर ते म्हणाले. "पाणी का जिरत नाही म्हणून मी सहा वर्षं डोकं फोडलं. पिशवी. तुझ्या मेहुण्याला सांग, भेटला तर काठी घालीन."

"सांगतो. पण ट्रेलर मी घातला होता."

"ते मला माहीत होतं. चाकाची खूण शेडपर्यंत होती."

"मग मला एवढी वर्षं शिक्षा का दिलीत?"

"शिक्षा?" थोरल्यांना खरोखरच कळेना. "कसली शिक्षा? अरे, सातवी म्हणजे नुसतं ताट होतं. मी चाळीस वर्षं कापली, मला विचार. लोक गप्पा मारत यायचे, बॉल टाकायचे, पुढं जायचे. सातवी खेळलो हे कुणाच्या लक्षातसुद्धा राहायचं नाही. मी रजेवरून आलो तर तू ताटात वाटी ठेवलेली. त्याच आठवड्यात मेंबरांतली ती डॉक्टरीणबाई तिथं दोन मिनिटं नुसती विचार करत उभी राहिली. म्हटलं, राहू दे. धाकट्याच्या हातून चांगलं झालंय, आपण कड नीट करू."

"आणि पाणी मला टिपायला का लावलंत?"

"तुझी वाटी. तू नाही टिपणार तर कोण?"

मुकादमांचा जीव नुसता तळमळला. "अहो, मग हे एकदा तोंडानं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तू येऊन सांगशील म्हणून थांबलो होतो. तू सांगितलं असतंस, 'चुकलं', तर मी म्हटलं असतं, 'चुकलं नाही.' तू बोललाच नाहीस. मग निरोप पाठवला, तर आला नाहीस."

मुकादमांना म्हाताऱ्याचा राग आला, स्वतःचा त्याहून आला आणि डोळे भरून आले ते कुठल्या रागानं हे त्यांना कळेना. थोरल्यांना दिसत नाही हे बरंच म्हणायचं. त्यांनी डबा उघडला, गोणपाट सोडलं आणि ठोकळा म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"काठाचा आहे," ते म्हणाले. "सत्तावीस वर्षांचा."

थोरल्यांनी आधी वरचं गवत चाचपलं. मग अंगठ्याचं नख मातीवरून खालून वर न्यायला लागले, सावकाश, एकेका पट्ट्यावर थांबत. सहाव्यावर थांबले.

"इथपर्यंत माझे."

"हो."

नख पुढं सरकलं. सातवा, आठवा, नववा. थोरल्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी पुन्हा मागं येऊन एकदा खात्री करून घेतली.

"धाकट्या, तू रेती जाड टाकतोस."

"जाड?"

"दुप्पट. चाळणी बदलली नाहीस ना मी गेल्यावर? भोकं मोठी झाली असतील. किती राहिलेत तुझे?"

"दहा महिने."

"मग एकदा टाकता येईल अजून. नीट टाक."

दिवेलागणीला मुकादम घरी पोचले. बायकोनं विचारलं, काय म्हणाले. त्यांनी आधी परसातल्या नळापाशी डबा विसळला, पालथा घातला. मग शेडमधली चाळणी घरी आणून ठेवली होती ती खुंटीवरून काढली, दिव्यासमोर धरली आणि भोकं बघत उभे राहिले.

"म्हातारा बरोबर बोलतोय," शेवटी ते म्हणाले. "एकवीस वर्षं."